रस्त्यात गेलेल्या विहिरीतली कासवं

रविवार, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, सकाळी साडेसात. निपाणीजवळची माहेरची वस्ती, विहिरीचा काठ.

हजर: मी, शेती बघणारा मोठा भाऊ, ज्याला मी अण्णा म्हणते, आमची आत्या, वय अठ्ठ्याहत्तर, जिला सगळं गाव आक्का म्हणतं, वनखात्याचे एक गार्ड, आणि विहिरीत पडलेल्या पाण्याच्या मोटारी, घागरी काढून देणारे शेजारचे मामा. पाण्यात, आक्काच्या म्हणण्याप्रमाणे, पाच कासवं.

काम: सोमवारी मशीन येऊन विहीर बुजवणार. त्याआधी पाचही कासवं काढून गावच्या तळ्यात सोडणे.

एवढं लिहून मी खाली रेघ मारली आणि एक ते पाच आकडे घालून प्रत्येकापुढं चौकट काढली.

"आता कासवांची हजेरी घे," अण्णा म्हणाला. "गैरहजर असंल त्याच्या आईबापाला बोलवून घे शाळेत."

मी हिंडलग्याला राहते, बेळगावातल्या एका शाळेच्या ऑफिसात आहे. त्यामुळं घरातले सगळे अर्ज माझ्याकडं येतात. रस्ता रुंद होणार, त्यात विहीर जाणार, हे कळलं तेव्हा अण्णानं नुकसानीचे कागद बघितले आणि आक्कानं फक्त एक विचारलं, "आणि कासवं?"

आमच्या भागात पूर्वी विहीर खोदली की तिच्यात कासव सोडायचे. पाणी स्वच्छ राहतं म्हणून. आमच्या विहिरीतली पहिली जोडी आजोबांनी सोडली होती. पुढं त्या जोडीचं कुटुंब वाढलं. आक्का रोज न्याहारीनंतर काठावर जाऊन भाकरीचे तुकडे टाकायची आणि मोजायची. आता कायद्यानं कासव पाळता येत नाही, पकडता येत नाही, परस्पर हलवताही येत नाही. म्हणून मी कन्नडमध्ये अर्ज लिहिला, दोनदा खेटे घातले, आणि गार्ड पाहणीला आले.

तिथं माझी पहिली चूक निघाली. कासवं आपल्याच शेततळ्यात सोडायची, असं मी ठरवून टाकलं होतं. लांब न्यायला नको, आक्काला रोज बघता येतील. गार्डनी शेततळ्याच्या कडेला उभं राहून काळ्या प्लास्टिकवर नुसता हात फिरवला.

"मॅडम, हे घसरतंय. कासव वर येणार कसं? ऊन कुठं खाणार, अंडी कुठं घालणार? ह्यात दम लागून मरतंय ते."

मी वहीतलं शेततळं खोडलं आणि 'गावचं तळं' लिहिलं. गार्डनी मान हलवली. आक्कानं हलवली नाही.

तिचा प्रश्न वेगळा होता. आमच्याकडं जुन्या माणसांत विहिरीचं पाणी चौपदरी फडक्यानं गाळून घेतात. फडक्यात जे बारीक जीव अडकतात, त्यांना जिवाणी म्हणतात, आणि ती जिवाणी टाकायची नाही, उकिरड्यावर नाही, झाडाला नाही, दुसऱ्या विहिरीतही नाही. ज्या पाण्यातून काढली त्याच पाण्यात परत सोडायची. तीही वरून ओतायची नाही. त्यासाठी तळाला कडी असलेला एक छोटा तांब्या असतो. दोर त्या कडीत बांधून वरच्या काठाला सैल हुकात अडकवायचा आणि तांब्या सरळ, अलगद खाली सोडायचा. पाण्याला टेकला की हूक सुटतो, दोर ओढला की तांब्या कलंडतो आणि जीव हळूच पाण्यात मिसळतात. लहानपणी हे काम माझ्याकडं असायचं आणि मी घाईत वरूनच ओतलं तर पाठीत धपाटा मिळायचा.

"ह्या पाण्यातला जीव ह्याच पाण्यात," आक्का म्हणाली. "मी जन्मभर डोळ्याला दिसत न्हाईत ते किडं परत सोडलं. आणि आता एवढी ढब्बू कासवं परक्या पाण्यात टाकू व्हय?"

"आक्का, सोमवारी ह्या पाण्यावर डांबर पडणार हाय," अण्णा म्हणाला.

"मला कळतंय रं. मी कुठं कासवं ठेवा म्हणतीय? पाणी न्या."

"कुठं?"

"तळ्यावर. आधी हे पाणी तळ्यात घाला, मग त्यात कासवं. म्हणजे ती आपल्याच पाण्यात उतरली."

अण्णानं माझ्याकडं बघितलं. मी वहीत लिहिलं: पाण्याचे कॅन, वीस लिटरचे, दहा. यात वाद घालण्यासारखं मला काही दिसलं नाही.

शनिवारी दुपारी अण्णानं मोटार चालू केली. रविवारी सकाळपर्यंत विहीर गुडघाभर पाण्यावर यायला हवी होती. आम्ही काठावरून वाकून बघितलं तर वरची जेमतेम एक पायरी उघडी पडलेली. उसाच्या सरीत पाण्याची बारीक धार, चुळीएवढी.

"मोटर जळाली काय?" मामा म्हणाले.

अण्णानं मोटार बंद करून पाइप वर ओढला. पाइपाच्या तोंडाला जुन्या पांढऱ्या लुगड्याची चौपदरी घडी, सुतळीनं सात वेढे देऊन बांधलेली. वर शेवाळ आणि गाळ थापलेला.

सगळ्यांनी आक्काकडं बघितलं. आक्कानं ऊस बघितला.

"आक्का!"

"ओरडू नको. बारकी मासळी ओढून घेतली असती की तुझ्या मोटरनं."

"पाच हॉर्सपॉवरच्या मोटरला गाळणं बांधलंस तू!"

"मग किती हॉर्सपॉवरच्याला बांधायचं असतंय?"

गार्ड तोंडाला रुमाल लावून लांब गेले. परत आले तेव्हा डोळे पुसत होते, पण उपाय त्यांनीच काढला. वैरणीची एक मोठी बुट्टी, विणलेली टोपली, आणली, पाइपाचं तोंड तिच्यात ठेवलं आणि भोवती मच्छरदाणीचं कापड सैल गुंडाळलं. पाणी जाईल, मासळी राहील. आक्कानं ते कापड बोटांनी ताणून तपासलं आणि "चालतंय" म्हणाली. दहा कॅन आधी भरून घेतले. दुपारी एकपर्यंत तळ दिसायला लागला.

मामा दोर कमरेला बांधून उतरले. गाळात पायानं चाचपत फिरायचं, कठीण लागलं की थांबायचं, अशी त्यांची पद्धत. पहिलं कासव दहा मिनिटांत मिळालं. त्यानं डोकं, पाय, सगळं आत ओढून मागच्या पायांवरची कातडी झाकणं बंद करून घेतली होती. ओल्या गोणपाटात गुंडाळून भाजीच्या क्रेटमधून वर घेतलं. मी चौकटीत खूण केली. दुसरं मामांच्या अंगठ्याला चावलं. तिसरं आणि चौथं एकाच कपारीत बसलेली.

"आक्का, झाली सगळी," मामा खालून ओरडले.

"चार झाली."

"गाळ लई हाय. पाचवं न्हाय हितं."

"पाच हाईत. मी मोजती रोज, तू न्हाय."

मामांनी अजून तासभर चाचपलं. एक फुटकी घागर मिळाली, एक विळा, आणि मी आठवीत हरवलेलं कंपासपेटीचं झाकण. कासव नाही. गार्ड म्हणाले, पावसाळ्यात पाणी काठाला लागलं की कासवं चालत निघून जातात. आक्का म्हणाली, गेल्या शुक्रवारी पाच होती, आणि शुक्रवारी पाऊस नव्हता.

चार वाजता टेम्पोतून आम्ही तळ्यावर गेलो. उथळ काठाला अण्णानं एकेक कॅन पाण्याला टेकवून रिता केला. आक्का बाजूला उभी राहून "हळू, हळू" म्हणत होती. मग तिनं विहिरीची जिवाणी भरलेला तो कडीचा तांब्या सोडला. मग कासवं. गार्डनी एक गोणपाट उघडलं, तरी आतलं कासव बराच वेळ हललंच नाही.

"त्याला पाणी ओळखू दे," आक्का म्हणाली.

थोड्या वेळानं नाक बाहेर आलं, मग मान, आणि मग ते कासवाला न शोभणाऱ्या वेगानं पाण्यात गेलं. मामा अंगठा धरून म्हणाले, "व्हय, हेच ते. चावलेलं."

तिथूनच मी रस्त्याच्या कामावरच्या सुपरवायझरला फोन लावला. एक कासव राहिलंय, असं सांगितलं. त्यानं विचारलं, केवढं आहे. मी म्हटलं, ताटाएवढं. तो म्हणाला, मशीन आधी पुढच्या मोरीवर लावतो, बुधवारी दुपारपर्यंत थांबतो, त्यापुढं माझ्या हातात नाही.

गार्डनी सांगितलं ते आम्ही सगळं केलं आहे. गाळ पुन्हा हलवलेला नाही. घोटाभर पाणी ठेवलं आहे. एक खडबडीत फळी कडेला तिरकी लावली आहे, म्हणजे बाहेर आलं तर ऊन खायला चढेल. आक्का सकाळ-संध्याकाळ भाकरी टाकते आणि काठावर खुर्ची घेऊन बसते.

आज मंगळवार. शाळेतून अण्णाला तीनदा फोन केला. सकाळी भाकरीचा तुकडा हलला, असं आक्का म्हणते. वाऱ्यानं हलला, असं अण्णा म्हणतो. उद्याची रजा मंजूर झाली आहे, सहाची पहिली बस आहे, मामांना नऊला बोलावलं आहे. पाचवी चौकट अजून रिकामी आहे.