चौथ्या मजल्यावरचा कौल

सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधलं ते ताओ देऊळ चौथ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर मला माझे स्वर्गवासी आजोबा दिसले, तिसऱ्यावर पणजोबा. तेवढ्यात मागून दिव्याच्या तेलाचा भलामोठा कॅन घेऊन ऐंशीच्या एक चिनी आजी आल्या. "तरुण माणसा, वाट दे," म्हणाल्या.

देवळातले दिवे त्याच रोज भरतात. वर पोचून मी हाशहुश करत बसलो, तर म्हणाल्या, "मुलगा म्हणतो, गुडघे गेले, आता घरी बस. आज देवालाच विचारते."

त्यांनी अर्धचंद्राच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे काढले. टाकल्यावर एक उताणा, एक पालथा पडला की देवाचा होकार. मी पडलो कोकणातला, कौल लावणं मला कोण शिकवणार? आजी डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या आणि त्यांनी तुकडे टाकले.

एक उताणा, एक पालथा.

माझाच चेहरा पडला. "म्हणजे आता काम सोडणार, आजी?"

"कशाला? सोडू का, असं मी विचारलंच नाही. विचारलं, अजून दहा वर्षं येऊ का."

मान ताठ करून त्यांनी पहिला दिवा भरायला घेतला. मी अशी छाती फुगवली, जणू आमच्या गावच्या गुरवानेच त्यांना तयार केलं होतं.