सुकेशनीचे वाढीव दोन साल

प्रियंका, मी सांगते तसंच लिही. मधी मधी सुधरू नको. तुझ्या शाळेतल्यावानी केलंस तर ती विजयमालाची गोष्ट राहायची न्हाई, दुसऱ्याच कोण्या बाईची व्हईल.

विजयमाला म्हंजे आपल्या समोरच्या घरातली, धम्मानंदची बायको. माहेर वालूरचं. पेडगावला आली तव्हा एवढीशी होती, पण काम असं उरकायची की बघत राहावं. दुसऱ्याच साली नवऱ्यासंगं कोयत्यावर गेली. दिवाळी झाली की उसाला जायचं, उन्हाळ्यात वापस यायचं. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ती फळीवरून ट्रकात चढायची तव्हा मुकादम म्हणायचा, "ही बाई न्हाई, शिडी हाय." धम्मानंद हे हासत हासत सांगायचा. ती म्हणायची, "शिडीला जेवायला वाढा आता."

सुकेशनी झाली गारपिटीच्या साली. माझ्याच हातावर झाली. पत्र्यावर गारा अशा आपटायल्या की लेकरू रडायलंय का न्हाई तेच कळंना. दवाखान्यात गेलोच न्हाई, तर तिची नोंद कुठं व्हईल?

चार साल ती पोरगी आईसंगं उसाच्या फडात फिरली. चौथ्या साली तिथं वंगाळ झालं. दुसऱ्या टोळीतल्या एका बाईनं तिचं लेकरू पाचटाच्या आडोशाला निजवलं होतं. ट्रॅक्टर मागं सरकला. ड्रायव्हरला दिसलंच न्हाई. विजयमालानं ते डोळ्यानं बघितलं. उन्हाळ्यात वापस आली ती कोणाशी बोलंना. मंग एक दिवस माझ्यापाशी येऊन बसली.

"आत्याबाई, पोरगी आता फडात न्यायची न्हाई. तुमच्यापाशी ठिवते. दिवसा शाळेत जाईल."

मी म्हणलं, "अगं, चार सालाच्या लेकराला शाळेत कोण घेईल?"

"सहाची सांगायची."

उसाला गेलेल्या लोकायच्या लेकरायला शाळेत दोन्ही येळचं जेवण मिळायचं, पण नाव पहिलीत पाहिजे. आमी दोघी गेलो. मास्तरानं इचारलं, "जन्म कधीचा?" विजयमाला म्हणली, "सहा साल झाले." मास्तर माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणलं, "व्हय, सहा." त्यानं दोन साल मागचा एक जून लिहून टाकला. आपल्या गावात अर्ध्या लोकायचा जन्म एक जूनचाच हाय, तुझ्या बापाचा बी.

तर अशी ती पोरगी सहा महिने माझी आन् सहा महिने तिची. माझ्याजवळ निजायची. लाथा मारायची झोपेत. मी म्हणायची, "अगं गाढवे, माझ्या बरगड्या राहू दे." पळायला तर अशी की दुकानातून मीठ आणायला धाडली तर मी चुलीपुढून उठायच्या आधी दारात हजर.

शाळेच्या मागच्या पटांगणात पोरी कबड्डी खेळायच्या. सुकेशनी सातवीत गेली तव्हापासून नागेश सर तिला खेळायला घेऊ लागले. चांगला माणूस. सकाळी पोरींच्या आधी येऊन पटांगणातले खडे येचायचा. ती अंगानं काडी, पण समोरच्यांच्या हाताखालून अशी निसटायची की धरणारीच तोंडावर पडायची. शेजारच्या सुलाबाईची नात दोनदा पडली तर सुलाबाई भांडायला आली. "पोरगी हाय का चिमणी? धरायचं तर कुठं धरायचं हिला?"

आठवीत गेली त्या साली श्रावणात नागेश सर विजयमालाच्या दारात आले. मी तिथंच शेंगा फोडत बसले होते.

सर म्हणले, "बाई, सुकेशनीला मोठ्या संघात घ्यायची हाय. बाहेरगावी खेळायला न्यायची. आधी तालुका, मंग जिल्हा, मंग विभाग. पुढं निघाली तर खेळाच्या वसतीगृहात जागा मिळती. बारा महिने राहायचं, शिकायचं."

बारा महिने म्हणल्याबरूबर विजयमालाचं तोंड उजळलं. मला दिसलं ते.

सर म्हणले, "पण या सालीच न्यावं लागंल. चौदाच्या आतला गट हाय. पुढल्या साली ती चौदाची व्हईल, सतराच्या गटात जाईल. तिथं एवढ्या बारीक पोरीला कोण घेईल?" मंग म्हणले, "बाई, खरंच तेरा हायत ना तिला? अंगानं लय लहान दिसायली."

मी शेंगा फोडायची थांबले. विजयमाला माझ्याकडं बघंना. ती म्हणली, "आमच्यात पोरी बारीकच असत्यात सर."

सरांनी कागद दिला. "आज इचार करा. उद्या सही करून धाडा."

सर गेले, तसं मी तिला म्हणलं, "अगं, ती अकराची हाय. समोरच्या पोरी घोड्यासारख्या असत्याल. दोन साल पटांगणात खेळू दे. सरांना खरं सांगून टाक."

"खरं सांगून काय व्हईल आत्याबाई? कागद थांबतो का? दोन सालानं ती तेराची व्हईल आन् कागद पंधराचा व्हईल. मंग तिला कोण बी घेयाचं न्हाई."

"मंग नको खेळू दे."

"वसतीगृह?" ती म्हणली. "आन् खरं सांगितलं तर शाळेतून नाव काढत्याल. खोटं लिहिलं म्हणून मलाच धरत्याल. तुमाला बी. तुमीच म्हणलं होतं ना, सहा?"

व्हय, म्हणलं होतं.

धम्मानंद संध्याकाळी आला. त्याला इचारलं तर म्हणला, "तू आई हायस, तू ठरव." बाप्यांचं बरं असतं. पोरगी मात्र बाहेर तिच्या मैतरणींना सांगत फिरायली, "मी जीपमधी बसून जाणार, मला बूट मिळणार." विजयमाला ते आतून ऐकत बसली. सकाळी उठून सही केली. तिला तेवढंच लिहिता येतं, स्वतःचं नाव.

तालुक्याला जिंकल्या. जिल्ह्याला बी जिंकल्या. पोरगी बूट पिशवीत घालून उशाला ठिवायची, पायात घालायची न्हाई, मळत्याल म्हणून. मी म्हणलं, "अगं, पायातलं हाय ते का गळ्यातलं?" जिल्ह्याच्या सामन्यात तिचा कोपर सोलला होता. मी हळद लावली. ती म्हणली, "आज्जे, त्या पोरी लय जड असत्यात. अंगावर पडल्या की दम घेता येत न्हाई." मी हे विजयमालाला सांगितलं. ती म्हणली, "आता एकच सामना ऱ्हायला. विभागाचा." तव्हा तिचं बी मन लागत नव्हतं, पण मुकादमाची गाडी आलती. दिवाळी करून दोघं उसाला गेले.

विभागाच्या सामन्याला पोरगी सरांसंगं गेली. पुढचं मला तिनंच सांगितलं. समोरच्या संघातली एक पोरगी तिला बघून म्हणली, "ए, हिच्या दुधाची बाटली कुठं हाय?" सगळ्या हासल्या. सुकेशनीला राग आला. तिनं दोघींना बाद केलं. तिसऱ्यांदा आत गेली तव्हा एकीनं पाय धरला आन् दोघी वरून पडल्या. पाय खाली तसाच अडकून ऱ्हायला. ती म्हणती, आवाज आला, पण दुखलं न्हाई आधी. मंग दुखलं.

सरांनी उचलून दवाखान्यात नेलं. विजयमालाला फडात फोन गेला. कोयता तिथंच टाकून दोघं निघाले, तीन एस्टी बदलून दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. मला धम्मानंदचा पुतण्या गाडीवर घेऊन गेला. म्हणून मी तिथं होते.

डॉक्टरीण तरणी पोरगीच होती. तिनं गुडघ्याचा फोटो उजेडाला धरला. "पोरीचं वय काय?"

विजयमाला म्हणली, "तेरा."

डॉक्टरीण परत फोटो बघायली. "हाडाच्या टोकाला वाढायची जागा असती. हिची तिथंच मोडलीय. किती साल वाढ बाकी हाय त्याच्यावर इलाज ठरतो. हे हाड तेराचं दिसत न्हाई. खरं सांगा ताई."

नागेश सर भिंतीला टेकून उभे होते. धम्मानंद खाली बघायला लागला. विजयमालाच्या साडीला अजून उसाची कुसळं होती.

"साडेअकरा," ती म्हणली.

सर मंग हळूच म्हणले, "बाई, मी दारात उभा राहून इचारलं होतं तुमाला." एवढंच. वरडले असते तर बरं झालं असतं. मला मातर राग आला. मी म्हणलं, "तुमाला डोळे नव्हते का सर? तीस किलोची पोरगी!" विजयमालानं माझा हात धरला. "सरांना नका बोलू आत्याबाई."

मंग डॉक्टरणीनं समजून सांगितलं. हाड जुळंल. पोरगी चालंल बी. पण त्या पायाची वाढ तिथंच थांबू शकती, न्हाईतर वाकडी व्हऊ शकती. दुसरा पाय वाढतच राहणार. तेराची असती तर थोडीच वाढ उरली असती, फरक कमी पडला असता. अकराची हाय म्हणून फरक जास्ती पडंल. आता दर सहा महिन्याला फोटो काढायचा, घरी मोजत राहायचं. लय फरक पडला तर आपरेशन.

विजयमाला रडली न्हाई. बाहेर पायरीवर येऊन बसली आन् म्हणली, "फडात ठिवली असती तर?" मी म्हणलं, "तसलं काही बोलू नको."

त्या साली ती परत उसाला गेली न्हाई, धम्मानंद एकटाच गेला. पिलास्टर निघालं. पोरगी काठीनं चालायली, मंग काठी सोडून. सर दोनदा येऊन गेले. पटांगणात आता पोरी खेळत्यात तव्हा सुकेशनीला कडंला बसून गुण मोजायला सांगत्यात. ती जाती, मोजती. खेळ जवळून बघितला की तिचे हात आपोआप पुढं व्हत्यात.

आन् पोरगी वाढायलीय. बाराव्या साली वाढत्यातच पोरी. सगळे झगे आखूड झाले. गल्लीतली धुरपताबाई पाणी भरताना कवतिकानं म्हणली, "काय उंच झाली गं तुझी लेक!" विजयमालानं अर्धी भरलेली घागर तशीच उचलली आन् घरात गेली. बाकीच्या आया लेकरू वाढलं की हरखत्यात, हिला भ्या वाटतं.

दर महिन्याला ती पोरीला चटईवर सरळ निजवती. शिवणाचा टेप कमरंच्या हाडापासून घोट्यापस्तोर लावती, डॉक्टरणीनं दावलं तसा. आधी एक पाय, मंग दुसरा. परवा मी तिथंच बसले होते.

सुकेशनी पत्र्याकडं बघत निजली होती. "किती आई?"

"तेवढंच हाय."

मला आकडे वाचता येत न्हाईत. पण चांगल्या पायाला तिचं बोट टेपावर मागल्या महिन्यापरीस पुढं सरकलं आन् मोडल्या पायाला तिथंच ऱ्हायलं, ते मला दिसलं.

"मंग पुढल्या साली खेळू का?"

विजयमाला टेप गुंडाळत बसली. गुंडाळून झाला, सोडला, परत गुंडाळायला लागली.