रावजीपाशी थांबलेला हेळवी

हेळवीबाबानं कधी कुणाला 'तुझं नाव काय' असं विचारलेलं मला आठवत नाही. 'कुणाचा?' एवढंच तो विचारी. बापाचं नाव सांगितलं की आजाचं, पणजाचं तो स्वतःच सांगून मोकळा होई आणि मग समोरच्याच्या कानाच्या पाळ्या न्याहाळून म्हणे, "व्हय, त्येंचंच हाय." एकदा सांगलीच्या स्टँडजवळ पोलिसानं त्याची मोपेड अडवून लायसन मागितलं. बाबानं त्याला गाव विचारलं, आडनाव विचारलं. नशिबानं ते घर त्याच्याच फिरतीतलं निघालं. रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यानं पोलिसाच्या सहा पिढ्या म्हणून दाखवल्या. पोलिसानं त्याला चहा पाजला आणि जायला सांगितलं. लायसन बाबाच्या सहा पिढ्यांत कुणाकडंच नव्हतं.

ज्यांच्या गावात हेळवी येतो त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. घराण्यांची वंशावळ तोंडपाठ म्हणत गावोगाव फिरणारा माणूस म्हणजे हेळवी. घर मूळ कुठलं, इथं कसं आलं, कोण कुणाच्या पोटी, हे सगळं तो दारात बसून सांगणार आणि जाताना जोंधळे, एखादं धोतर, एखादं भांडं घेणार. आमचा हेळवी सीमेपलीकडून यायचा. घरात कानडी बोलायचा, आमच्यात आमच्यासारखं. पलूसच्या पुढं आमचं गाव. ऊस तुटून गेला आणि रानं मोकळी झाली की दर तीन वर्षांनी तो हटकून येई.

माझ्या लहानपणी तो बैलावर बसून यायचा. बैलाचं नाव बसवा. बैलाच्या पायांवर पाणी घातल्याशिवाय बाबा खाली उतरत नसे. पुढं बसवा गेला, मोपेड आली, पण नियम तोच राहिला. माझी आई तोंडावरची सुरकुती हलू न देता मोपेडच्या पुढच्या चाकावर तांब्याभर पाणी ओती. मी एसटीच्या वर्कशॉपातला माणूस. बेअरिंगमध्ये पाणी जातंय म्हणून मी ओरडायचो. बाबा म्हणायचा, "बेरिंग बदलता येती. रीत कुठनं आणशील?"

आणखी एक गंमत. बाबाचे दोन्ही पाय ठणठणीत होते, पण गावाच्या वेशीत शिरला की तो थोडा लंगडायला लागे. का, तर त्याचा मूळपुरुष लंगडा होता. त्याची गोष्ट तो अशी सांगे: "देवानं समद्यांस्नी जमिनी वाटल्या. लंगडा मागनं पोचला, तवर जमीन सपली. देव म्हनला, ही मानसं आता मरनार, एकमेकाला इसरनार. तू त्येंची नावं राख. ती तुला पोसतील." गोष्ट संपली की तो आमच्या शेताकडं असा बघे, की आपणच मागनं येऊन त्याच्या वाटणीचं बळकावलंय असं वाटे.

लाल फडक्यात बांधलेली चोपडी तो मांडीखाली घेऊन बसायचा. नवी नावं लिहायची असतील तेव्हाच ती उघडे. बाकी सगळं तोंडानं. आणि त्या म्हणण्याला त्याला हुंकार लागे. प्रत्येक नावामागं कुणीतरी 'हूं' म्हटलं की पुढचं नाव. पण आपल्या घराच्या नावाला आपण हूं म्हणायचं नाही. आमच्या भावकीचे दोन भाग. खंडूपासून थोरली, रावजीपासून धाकटी. आम्ही धाकटीतले. थोरलीच्या नावांना आम्ही हूं म्हणायचं आणि आमच्या नावांना थोरलीनं. लहानपणी मी एकदा उत्साहानं माझ्याच आजोबांच्या नावाला 'हूं' म्हणालो, तर बाबानं डोळे वटारले. "आपुन हाय, हे आपुन म्हनायचं नसतंय पोरा. दुसऱ्यानं म्हनावं लागतंय."

हे सगळं गमतीचं वाटायचं, तोवर ते काठीचं प्रकरण उभं राहिलं.

आमच्या देवाची चैत्रात यात्रा असते. तेव्हा सासनकाठी नाचवतात. तीस-पस्तीस फुटांचा कळक, वर निशाण, चारी बाजूंनी दोऱ्या धरायला माणसं आणि मधे काठी कमरेच्या पट्ट्यात घेऊन नाचणारा एकच. हा मान आमच्या भावकीचा. एक वर्ष थोरलीचा, एक वर्ष धाकटीचा. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, विसाव्या वर्षापासून ती काठी घेतली. त्या साली पाळी आमची होती. आबा सत्तरी ओलांडलेले. "ही शेवटची, मग पोरं घेतील," म्हणून त्यांनी महिनाभर आधी चामड्याच्या पट्ट्याला तेल लावून ठेवलं होतं.

आणि थोरलीच्या विठूतात्यांनी भर पंचांत सांगितलं, "रावजी आमच्या खंडूचा सख्खा भाऊ न्हवता. गडी म्हनून आलेला मानूस. मान आमचा एकट्याचा हाय." कुठल्याशा जुन्या कागदात त्यांना खंडूचं नाव सापडलं होतं, रावजीचं नव्हतं. गावात दोन तट पडले. मोबाइलवर नको नको ते फिरायला लागलं. आबा एका शब्दानं कुणाशी भांडले नाहीत. ते फक्त जेवण अर्धं टाकून उठायला लागले आणि पट्टा खुंटीवरून काढून पेटीत ठेवला.

शेवटी पंचांनी ठरवलं, हेळव्याला बोलवा, तो म्हणेल ते खरं. विठूतात्यांनीही मान डोलावली. यात्रेला चार दिवस होते. बाबा मोपेडवरूनच आला, ऐंशीच्या घरातला. दुपारी मी त्याला आमच्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोपीत एकटं गाठलं. मी कबूल करतो, मी भ्यालो होतो. त्याला म्हणालो, "बाबा, उद्या 'खंडूचा भाऊ रावजी' म्हणता तिथं 'सख्खा' म्हणा. एकच शब्द घाला."

बाबानं पाटातल्या पाण्यानं तोंड धुतलं. मग म्हणाला, "शब्द घालाया ह्यो काय च्या हाय, साखर घातल्यागत?"

"मग सख्खा नव्हता का?"

"उद्या सांगतो. समद्यांस्नी एकदमच सांगतो. तुला आदी सांगितलं, तर तू रातभर झोपायचा न्हाईस."

तसाही मी झोपलो नाही.

सकाळी देवळासमोरच्या पारावर सगळी भावकी जमली. थोरली एका बाजूला, आम्ही दुसऱ्या. आठ वाजताच ऊन चटकत होतं. बाबा पारावर उघड्यावर बसला, सावलीत ये म्हटलं तर आला नाही. त्यानं मूळ गावापासून सुरुवात केली. नाव म्हटलं की हूं, नाव म्हटलं की हूं. खंडू आला. आम्ही सगळ्यांनी हूं म्हटलं, आबांचा आवाज सगळ्यात मोठा होता. मग बाबा म्हणाला, "खंडूचा भाऊ रावजी." आणि थोरलीच्या बाजूनं चिडीचूप.

बाबानं पुन्हा म्हटलं. पुन्हा कुणी हूं केलं नाही. सगळे विठूतात्यांच्या तोंडाकडं बघत होते आणि तात्या जमिनीकडं.

तेव्हा बाबानं ते सांगितलं. दुष्काळात माणदेशाकडनं जगायला निघालेल्या लोकांतलं एक सात वर्षांचं पोर, आईबाप वाटेत गेलेलं, खंडूच्या गोठ्यात येऊन झोपलं. खंडूला भाऊ नव्हता. पुढच्या फेरीला बाबाचा पणजा आला, तेव्हा खंडूनं चोपडीवर हात ठेवला आणि 'माझ्याखाली माझा भाऊ म्हणून लिही' म्हणाला. "लिव्हलं. पयला हुंकार खंडूनं दिला. त्यो सख्खा न्हवता. सख्खा म्या कवाच म्हनलो न्हाई. भाऊ म्हनलो."

म्हणजे तात्यांचं खरं होतं. आबांकडं बघायची हिंमत होईना. थोरलीतला एक तरुण मोबाइल उंच धरून ओरडला, "बघा, हेळवीच म्हनतोय!" आबा उठले. त्यांना वाटलं असावं, हे इथंच थांबवावं, नाहीतर हा म्हातारा आपल्यापायी उन्हात मरायचा. बाबा त्यांच्यावर खेकसला, "बस, दौलू! नाव आर्दं टाकून उठत न्हाईत."

मग तो विठूतात्यांकडं वळला. "तात्या, मी हितनं फुडं जानार न्हाई. खंडूचा हुंकार तुला खोटा वाटत आसंल तर सांग. पर मग खंडूचा शब्दच खोटा झाला. ज्येचा शब्द खोटा, त्येच्या खालची नावं मला म्हनता येत न्हाईत. तुझा आजा, तुझा बाप, तू. हितंच फडकं बांधतो."

आणि त्यानं खरंच चोपडी फडक्यात गुंडाळायला घेतली. गाठ बसत नव्हती. कुणीतरी पाणी पुढं केलं, त्यानं हातानं बाजूला सारलं. कपाळावरचा घाम त्याच्या भुवयांतून खाली उतरत होता. मी घड्याळ बघितलं नाही, पण देवळाची सावली एक पायरी मागं सरकेपर्यंत कुणी हललं नाही. तात्यांचा जबडा आत काहीतरी चावल्यासारखा हलत होता. हट्टी माणूस. त्यांचा बाप माझ्या आजोबांबरोबर एका ताटात जेवलेला, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"हूं," तात्या म्हणाले. मान वर न करता, घोगऱ्या आवाजात. मग थोडं मोठ्यानं, जणू स्वतःवरच चिडून, "हूं! म्हना फुडं."

बाबानं गाठ सोडली आणि पुढं म्हटलं. शेवटपर्यंत.

पंचांनी काठी आमच्याकडंच ठेवली. माझा आनंद गगनात मावेना, पण आबा आनंदले नव्हते. घरी येऊन ते पट्टा मांडीवर घेऊन बसले आणि म्हणाले, "इतकी वर्सं वाटायचं, आपुन हितलं जल्मानं हाय. आपल्याला ठेवून घेतलंय रं. आता काठी लय जड लागंल." यात्रेत त्यांनी ती घेतली. पुढची दोरी तात्यांनी धरली. दोघं एकमेकांकडं बघत नव्हते, आणि मनं जुळली असंही मी म्हणणार नाही. पण काठी कलली नाही.

बाबाला निरोप द्यायला मी हमरस्त्यापर्यंत गेलो. "बाबा, माझं चुकलं," म्हणालो. तो म्हणाला, "चुकलं न्हाई, भ्यालास. भ्यालेली मानसंच नावं खोटी करत्यात. तू लपवू नगंस, म्हंजे तुज्या मागच्यांस्नी भ्यावं लागनार न्हाई." ती त्याची शेवटची फेरी. पुढच्या वर्षी त्याच्या मुलाचा इचलकरंजीहून फोन आला, बाबा गेले म्हणून. मुलगा जेसीबी चालवतो. चोपडी त्याच्याकडं आहे, पण तीत नुसती नावं आहेत. गोष्टी बाबाच्या तोंडात होत्या.

गेल्या माघात माझ्या मुलीला बघायला लोणंदकडचे पाहुणे आले. मुलाच्या चुलत्यांनी चहा घेताघेता भावकी विचारली, मूळ विचारलं. मी अडखळलो नाही. दुष्काळात आलेलं पोर, खंडूनं ठेवून घेतलेला भाऊ, सगळं सांगितलं. चुलत्यांनी कप खाली ठेवला. "कळवतो," म्हणाले. अजून कळवलेलं नाही, आणि कळवणारही नाहीत.

पाहुण्यांची गाडी दिसेनाशी झाल्यावर मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. मला वाटलं, आता रागवेल. ती म्हणाली, "आप्पा, त्या पोराच्या खऱ्या आईबापाची नावं काय होती?"

मला ठाऊक नव्हतं. आबांनाही नव्हतं. हेळवीबाबाला नक्की ठाऊक असणार. हमरस्त्यावर तो माझ्यासमोर मोपेड धरून चांगला घटकाभर उभा होता आणि मी त्याला विचारलं नाही.