निशिकांतचा तक्ता

निशिकांत बापट सिंगापुरातल्या एका बँकेत रिस्क मॅनेजर आहे. छत्री घेतल्याशिवाय तो घराजवळच्या पुंगोलच्या एलआरटी स्टेशनपर्यंतही जात नाही. अशा माणसाच्या हाती आम्ही आमची फँटसी फुटबॉल लीग दिली, यातच आमची अक्कल दिसते.

खेळ साधा आहे. आम्ही दहा मराठी माणसं दर ऑगस्टमध्ये त्याच्या फ्लॅटवर जमतो आणि इंग्लंडच्या क्लबांमधले खेळाडू फेरीफेरीने एकेक करून आपापल्या संघात घेतो; यालाच ड्राफ्ट म्हणतात. ज्याचे खेळाडू वर्षभर मैदानात चमकतात, तो पहिला येतो. एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही, म्हणून निवडीचा नंबर महत्त्वाचा. चिठ्ठ्या टाकून नंबर ठरले की अदलाबदल सुरू होते. पण प्रत्येक सौदा निशिकांतच्या तक्त्यातून पास व्हावा लागतो. पहिल्या फेरीत पहिल्या नंबरला शंभर गुण, दहाव्याला बावन्न; पुढच्या फेऱ्यांना त्याहून कमी. पुढच्या वर्षीचे नंबरही देता येतात, पण त्यांचे वीस टक्के कापले जातात, कारण उद्याचा काय भरवसा! दोन्ही बाजू जुळल्या नाहीत की सौदा रद्द.

एकदा मी माझ्या नवऱ्याला, सारंगला, वाढदिवसाचा म्हणून माझा दुसरा नंबर देऊ केला. निशिकांतने तक्ता पाहिला आणि म्हणाला, "सुचित्रा, वाढदिवसाला केक द्यायचा असतो." दोन दिवस मी निशिकांतशी बोलले नाही.

गेल्या वर्षी, सात वर्षांत प्रथमच, पहिल्या नंबरची चिठ्ठी त्याला निघाली. तोवर त्याला कधी सातव्याच्या वरचा नंबर मिळाला नव्हता. स्वारी हवेतच होती. दहावा नंबर आला विश्वासला. विश्वास त्याचा कॉलेजपासूनचा मित्र, इथल्याच आंग मो किओ भागातल्या एका कंपनीत इंजिनिअर. कंपनीने त्याचा विभागच बंद केला होता आणि सप्टेंबरात तो कायमचा पुण्याला परतणार होता.

"निश्या, शेवटचा ड्राफ्ट आहे माझा," बटाटेवडा खाता खाता विश्वास म्हणाला. "एकदा फर्स्ट पिक घेऊन बघू दे की."

म्हणाला हसत, पण मागणं मनापासूनचं होतं. निशिकांतचा चेहरा पडला. आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं, इथून गेलेले वरुण आणि मेधा महिनाभर ग्रुपवर बोलले, मग नुसते दिवाळीचे फॉरवर्ड आले, मग तेही थांबले.

निशिकांतने लॅपटॉप उघडला. वीस मिनिटं आकडेमोड केली. त्याच्या बायकोने, मीनलने, दिलेला चहा निवून गेला.

"पुढच्या वर्षीचे तुझे पहिल्या दोन फेऱ्यांचे नंबर मला दे," तो शेवटी म्हणाला. "ते शेवटचेच धरतो, बावन्न आणि आठ, साठ. वीस टक्के कापून अठ्ठेचाळीस होतात. आत्ताच्या तुझ्या दहाव्याचे बावन्न अधिक अठ्ठेचाळीस, शंभर. पास."

आम्ही पोट धरधरून हसलो. त्याची अकरा वर्षांची मुलगी गार्गी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "बाबा, काका नेक्स्ट इयर नॉट हिअर, व्हॉट! बॅड ट्रेड लाह!"

"बुडालास रे," मीही म्हटलं. रिस्क मॅनेजर म्हणे!

निशिकांतने चष्मा सारखा केला. "नियम सात. पुढच्या वर्षीचे नंबर ज्याने दिले, त्याला पुढच्या वर्षी खेळावंच लागतं. ऑनलाइन चालतं."

नियम त्याचाच, कोणी मध्येच पळू नये म्हणून केलेला. विश्वासने हातातला अर्धा वडा निशिकांतच्या बशीत ठेवला. मला भरून आलं, आणि हे आपल्याला का सुचलं नाही म्हणून थोडा रागही आला. सौदा सगळ्यांनी हात वर करून मंजूर केला.

पहिला नंबर देऊन निशिकांत त्या वर्षी नववा आला.

यंदाच्या ऑगस्टमध्ये विश्वास पुण्याहून टीव्हीच्या पडद्यावर हजर होता, समोर पोह्यांची बशी घेऊन. पहिल्या दोन फेऱ्यांत त्याला काहीच काम नव्हतं, म्हणून तो आमच्या प्रत्येक निवडीला नावं ठेवत बसला. निशिकांतच्या निवडींना जरा जास्तच.

निरोप घेताना तो म्हणाला, "निश्या, माझे पुढच्या वर्षीचेही नंबर घेऊन टाक ना."

"घेतले," निशिकांत म्हणाला. तक्ता त्याने उघडलासुद्धा नाही.