भांडुपची ग्रेड

एका ऑफिसात बरीच वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. घरात पिशव्यांची पिशवी असते ना, तसंच. कुणी मुद्दाम जमवत नाही आणि टाकवत तर मुळीच नाही. परवा शाळेतल्या मैत्रिणी भेटल्या. एकीने विचारलं, "शिल्पा, तू नक्की करतेस तरी काय गं?" मी खरं ते सांगितलं, की जगात कुठे राहणं किती त्रासाचं आहे ते मी विक्रोळीत बसून बघते. त्या खूप हसल्या. हसू देत. त्यांच्यातली एक बँकेत आहे, तिच्या कामाला मी कधी हसले नाही.

तर आमचं काम असं. एका आंतरराष्ट्रीय संस्थेची माणसं जगभर पोस्टिंगवर असतात. जागा जितकी अवघड, तितका त्यांना भत्ता जास्त. हवा, दवाखाना, घर, सुरक्षा, बाजारहाट आणि एकटेपणा, हे सगळं बघून त्या गावाला ग्रेड मिळते. ए म्हणजे जरासा त्रास, ई म्हणजे वाट लागली. आणि 'एच' म्हणजे हेडक्वार्टर्ससारखी गुळगुळीत शहरं, तिथे त्रास नाही आणि भत्ताही नाही. शेवटचा निर्णय परदेशातली कमिटी घेते, पण सगळं वाचून, तपासून, ताडून पुढे पाठवतो आम्ही.

आम्ही म्हणजे चौघं. विक्रोळीतच वाढलेल्या आणि चालत ऑफिसला येणाऱ्या कांबळे मॅडम आमच्या हेड. बोरिवलीचा परेश वैद्य, भांडुपचा दिगू राणे आणि मुलुंडची मी. जगाचा त्रास मोजणाऱ्या या चौघांपैकी परदेश कुणीच पाहिलेला नव्हता. परेशकडे पासपोर्ट होता, पण तो त्याने पत्त्याचा पुरावा म्हणून काढला होता.

*

कांबळे मॅडमची एक पद्धत आहे. नवीन माणूस आला की पहिल्याच महिन्यात त्याला स्वतः राहतो त्या भागाला ग्रेड द्यायला लावायची. त्यात माणूस कळतो म्हणतात.

परेशने बोरिवलीला ए दिली. सुरक्षेच्या रकान्यात मात्र प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'अधूनमधून बिबट्या येतो.' मॅडमनी चष्म्यावरून बघत विचारलं की बिबट्या येतो आणि तरी ए?

"मॅडम, तो नॅशनल पार्ककडच्या बिल्डिंगांमध्ये येतो," परेश म्हणाला. "आमची स्टेशनकडे आहे."

दिगूची गंमत वेगळी. आल्यापासून हा मुलगा रोज सकाळी भांडुपच्या नावाने बोटं मोडायचा. घर टेकडीवर, रिक्षावाले चढ बघूनच नाही म्हणतात, पाणी येतं तेव्हा कोंबडासुद्धा झोपलेला असतो, गॅस सिलिंडर खांद्यावरून न्यावा लागतो. आम्हाला वाटलं हा डोळे मिटून ई देणार. पठ्ठ्याने सगळ्या रकान्यांत ए देऊन ठेवली!

मॅडम म्हणाल्या, "अरे, रोज रडतोस ना?"

"ते आपल्यात, मॅडम," दिगू म्हणाला. "बाहेरच्याला कशाला सांगायचं?"

मॅडमनी त्याला त्याच दिवशी पास केलं.

*

ही भाषा हळूहळू घरी जाते. माझ्या सासूबाईंच्या कानावर ती कधी पडली कोण जाणे. एके सकाळी मी पोहे केले, ते जरा ओले झाले. त्यांनी ते शांतपणे खाल्ले, बशी बेसिनमध्ये ठेवली आणि जाता जाता म्हणाल्या, "सी."

तेव्हापासून आमच्याकडे रोज निकाल लागतो. नवऱ्याला तर भारीच मजा वाटते, कारण त्याला कुणी ग्रेड देत नाही. होळीला मी पुरणपोळ्या केल्या. सासूबाईंनी एक खाल्ली, दुसरी मागितली, मग हात धुऊन आल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हेडक्वार्टर्स."

खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. लग्नात त्यांनी मला पाटल्या घातल्या होत्या, तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता.

*

आमच्या कामातली खरी मेख अशी, की आपलं गाव सुधारलं हे पोस्टिंगवरच्या कुणालाच नको असतं. गाव सुधारलं की ग्रेड चढते, ग्रेड चढली की भत्ता कापला जातो. त्यामुळे गावात नवीन सुपरमार्केट उघडलं तर गावकरी पेढे वाटतात आणि आमची मंडळी सुतक पाळतात. ग्रेडच्या तपासणीची वेळ आली की सगळ्यांचे चेहरे पाडलेले, आवाज खोल गेलेले. आम्ही व्हिडिओ कॉल लावला की समोरचा आधी खोकतो.

एकदा असाच एका बेटावरच्या साहेबांचा कॉल होता. बेटाची ग्रेड सी होती आणि ती बी होते की काय, या भीतीने साहेब व्याकूळ झाले होते. भाजी नाही, औषधं नाहीत, बोट वेळेवर येत नाही. फळ तर आपण पोस्टिंगवर आल्यापासून पाहिलंच नाही, असं ते अगदी कळवळून सांगत होते. आम्हालाही वाईट वाटायला लागलं. तेवढ्यात त्यांच्या मागे दार उघडलं, एक हात आत आला आणि टेबलावर कापलेल्या अननसाचं मोठं ताट ठेवून गेला. साहेबांना पत्ताच नाही, ते बोलतायत आपले.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग इंग्रजीत, अतिशय आदराने विनंती केली, "सर, जे फळ मिळत नाही ते जरा बाजूला ठेवता का? तुमचा चेहरा नीट दिसत नाहीये."

*

एकदा मुख्य ऑफिसातून एक मोठे साहेब आम्हाला ट्रेनिंग द्यायला आले. अंधेरीच्या हॉटेलात उतरले होते. अंधेरी ते विक्रोळी अंतर नकाशात बघून ते निघाले आणि जोगेश्वरी-विक्रोळी रोडने त्यांना त्यांची जागा दाखवली. पोचले तेव्हा आम्ही डबे खाऊन, बडीशेप चघळत बसलो होतो. साहेबांचा टाय खिशात होता आणि चेहऱ्यावर आयुष्याविषयी काही नवीन प्रश्न होते.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, की मुंबईला ग्रेड काय आहे? आणि ती कमी तर नाही ना पडत?

कांबळे मॅडम गोड हसल्या. "सर, तो पेपर आम्ही बघत नाही. घरच्या माणसाचा पेपर आपण तपासायचा नसतो."

*

आता दिगू. त्याने गुपचूप त्याच संस्थेत अर्ज केला होता आणि त्याची निवड झाली. आमच्यातला पहिला माणूस परदेशी चालला होता, आणि पोस्टिंग कुठे, तर वाळवंटाच्या कडेचं एक गाव. ग्रेड ई, शिवाय नॉन-फॅमिली, म्हणजे घरच्यांना सोबत न्यायची परवानगी नाही. परेशने आख्ख्या मजल्याला समोसे वाटले. दिगूने स्वतः मात्र एकही खाल्ला नाही.

कारण आई नाही म्हणत होती. दिगूचे वडील तो लहान असतानाच गेले. आईने, म्हणजे आमच्या काकींनी, महापालिकेच्या हॉस्पिटलात आयाची नोकरी करून त्याला वाढवलं. टेकडीवरच्या त्या घरात दोघंच. ती एकदा नाही म्हणाली असती आणि रडली असती, तर त्याने तिला समजावलं असतं. पण ती रोज नवीन कारण काढायची. तिकडे बांगडे मिळणार नाहीत. तिकडे तुझे केस गळतील. एक दिवस म्हणाली, तिकडे गणपती कोण आणेल? दिगू आमच्यासमोर डोकं धरून बसायचा. हो कळवायची मुदत संपत आली होती.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "चल, मी बोलते." मला आणि परेशलाही सोबत घेतलं. रिक्षावाला चढापाशी थांबला आणि पुढे नाही म्हणाला. उरलेला चढ आम्ही पायी चढलो आणि भांडुपला ए देणाऱ्या दिगूकडे परेशने वाटेत ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरणार नाही.

काकींनी घावणे आणि चहा ठेवला. मॅडमनी आडपडदा ठेवला नाही. जागा सगळ्यात खालच्या ग्रेडची आहे, हे आधीच सांगून टाकलं. काकी म्हणाल्या, ग्रेड देताना बघतात काय काय ते सांगा. आणि मग त्यांनीच एकेक विचारायला सुरुवात केली. पाणी? दिवसभर असतं, टाकी आहे. चढ? नाही, सगळं सपाट. डास? खोलीला जाळ्या, वर मच्छरदाणी. डॉक्टर? आवारातच. उकाडा? फार, पण एसी आहे. शेजार? ओळीने खोल्या, एकमेकांच्या हाकेवर.

काकींनी दिगूकडे पाहिलं, मग मॅडमकडे.

"मगे ह्येका जास्तीचे पैसे कित्याक देतत?"

परेशला ठसका लागला. मॅडमनी कप खाली ठेवला. मग त्या म्हणाल्या, "घरापासून लांब राहायचं म्हणून, काकी."

काकींनी घावण्याची ताटली उगाच सरळ केली. "लांब तो जाता. हय रवतंय ती मी. माझी ग्रेड काय ती सांगा."

आता हसायला कुणाला जमेना. दिगू खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. इतके दिवस बांगडे, केस आणि गणपती यांच्यामागे जे लपलं होतं, ते आता ताटलीशेजारी येऊन बसलं होतं.

पण कांबळे मॅडम म्हणजे कांबळे मॅडम. त्यांनी चष्मा घातला, घरभर नजर फिरवली आणि ऑफिसात बोलतात त्याच आवाजात बोलल्या. "घर चांगलं. हवा चांगली. बाजार खाली उतरून. एकटेपणा, पूर्ण. काकी, तुम्हाला ई ग्रेड."

"मगे भत्तो?"

"मिळणार ना. दर रविवारी. आमच्यातलं एक माणूस जेवायला येईल."

काकींनी रिकामे कप गोळा केले. मग दिगूला म्हणाल्या, "जा तू. बॅग माका इचारून भर."

*

हा भत्ता नक्की कुणाला मिळाला, ते आमच्या वजनकाट्याला विचारा. एकाने जायचं ठरलं होतं, पण बांगड्याचं तिखलं आणि वडे-सागुती यांची वार्ता पसरली आणि सगळेच जायला लागलो. परेश शाकाहारी, त्याच्यासाठी काळ्या वाटाण्याचं सांबारं वेगळं व्हायचं. कॅरमबोर्ड आला. शेजारच्या बायका आल्या. एका रविवारी माझ्या सासूबाई आल्या, सोलकढी प्यायल्या आणि मला विचारलं की एचच्या वर काही असतं का?

मधे दिगू रजेवर आला. ई ग्रेडवाल्यांना थकवा घालवायला खास रजा मिळते. काकींनी त्याच्याकडून माळा साफ करून घेतला, मिक्सर दुरुस्त करून आणवला, सिलिंडर वर चढवून घेतला आणि चारकोपपासून ठाण्यापर्यंत एकेका नातेवाइकाच्या पाया पडायला लावलं. रविवारी तो जेवायला बसू लागला, तर त्याच्या नेहमीच्या जागी परेश. काकी म्हणाल्या, "तू घरचो. मागसून बस." जायच्या आदल्या दिवशी तो आम्हाला भेटायला ऑफिसात आला आणि आपल्या जुन्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपला. उठवल्यावर म्हणाला, "मॅडम, कधी एकदा पोस्टिंगवर जातो असं झालंय. जरा आराम तरी मिळेल."

*

आणि हा किस्सा मागच्याच महिन्यातला. मॅडमनी जाहीर केलं, की ग्रेड काही जन्मभराची नसते. भांडुपची तपासणी करायची वेळ झाली आहे. त्या रविवारी त्या स्वतः चढ चढून आल्या.

घरात पाय ठेवायला जागा नव्हती. परेश आणि शेजारचे काका कॅरमवरून भांडत होते. माझ्या सासूबाई काकींबरोबर ओट्याशी उभ्या राहून वडे थापत होत्या आणि दोघी मिळून कुणाच्या तरी सुनेला हसत होत्या. सासूबाईंची सून म्हणजे मी, त्यामुळे मी तिकडे लक्ष दिलं नाही. मॅडम ताटावर बसल्या, चौफेर बघून म्हणाल्या, "काकी, इथे तर जत्रा भरलीय. ग्रेड बदलावी लागणार बहुतेक."

काकींचा हात कढईवरच थांबला.

तेवढ्यात दिगूचा फोन आला. काकींनी गॅस बारीक केला, आम्हा सगळ्यांना डोळ्यांनीच गप्प केलं, पदराने तोंड पुसलं आणि फोन कानाला लावला. इतका खोल गेलेला आवाज मी आमच्या कामात कधी ऐकला नव्हता, त्या अननसवाल्या साहेबांचासुद्धा नाही.

"काय सांगू, बाबा," काकी म्हणाल्या. "एकटीच आसंय."

नेमकी त्याच वेळी परेशची राणी पडली आणि तो ओरडला. पलीकडून दिगूने काहीतरी विचारलं.

"कोण नाय रे," काकी म्हणाल्या. "टीव्ही लागलोहा." आणि फोन छातीशी दाबून, दुसऱ्या हाताने परेशच्या ताटात वडा वाढून, मॅडमकडे बघत उभ्या राहिल्या.

मॅडमनी तोंडातला घास संपवला, बोटं चाटली आणि निकाल दिला.

"ई. कायम."