करी रोडच्या पुलावरची टॅक्सी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भजनातल्या मंडळींना नाही. देवापुढे उभा राहिलो तेव्हाही नाही — तिथंसुद्धा दुसरंच काहीतरी मागून मोकळा झालो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असलात तर — असू दे. आता कोण काय म्हणेल याची फिकीर करायचं वय राहिलं नाही.

आमच्या टॅक्सी स्टँडवर माझं एका गोष्टीसाठी नाव होतं. सायरन ऐकू आला की सगळ्यांच्या आधी गाडी डावीकडे घेणार तो मी. आवाज लांबचा असो, बारीक असो. इंडिकेटर टाकायचा, वेग कमी करायचा, डावी बाजू धरून थांबायचं, आणि ती पुढं निघून जाईपर्यंत ब्रेकवरचा पाय काढायचा नाही. घाबरून उजवीकडे तोंड घालायचं नाही. आणि ती गेली की तिच्या मागोमाग फुकटच्या वाटेनं सुसाट सुटायचं नाही — हे तर मी नव्या ड्रायव्हरांना दम देऊन सांगायचो. पॅसेंजर म्हणायचे, "काका, तुमच्यासारखे ड्रायव्हर राहिले नाहीत." मी हसायचो. आतून कसं व्हायचं ते काय सांगू?

कुठून सुरू करू? संपापासूनच करावं लागेल.

मी लोअर परळच्या एका मिलमध्ये साच्यावर होतो, म्हणजे कापड विणायच्या मागावर. संप लागला, महिने गेले, घरातले डबे वाजायला लागले. मग फणसवाडीतल्या एका गृहस्थांची टॅक्सी दिवसपाळीला चालवायला घेतली. लायसन्स हौसेनं काढून ठेवलेलं, ते असं कामाला आलं.

त्या दुपारी मला अजून दिसतात. डिलाईल रोडवर माणसं असायची, पण आवाज नसायचा. मिलच्या चिमण्या धुराविना नुसत्या उभ्या. जिथं जन्मभर साच्यांची धडधड ऐकली तिथं कावळ्याचं ओरडणं ऐकू यायचं. मी रिकामी टॅक्सी घेऊन फिरायचो आणि वाटायचं, आपण झोपेतच गाडी चालवतोय — आत्ता कुणीतरी हाक मारेल, जाग येईल, आणि पाळीला उशीर झालेला असेल. तुम्हाला कधी असं झालंय? ऊन असतं, डोळे उघडे असतात, आणि तरी आपण जागे नसतो.

दत्ताराम माझ्या शेजारच्या खोलीतला. आमचं गाव एक, मिल एक. भजनात मी गायचो, तो पखवाज वाजवायचा. दोन बुवांची डबलबारी, म्हणजे भजनाची जुगलबंदी, ठरली की समोरचा बुवा आधी चौकशी करायचा, दत्ता येणार आहे का? मला म्हणायचा, "मेल्या, माझा पखवाज तुझा आवाज झाकून घेतो म्हणून माणसं बसतात." खरं होतं ते. त्याचा उजवा हात पडला की माझा चुकलेला सूरसुद्धा जागेवर यायचा.

तेव्हा गिरणगावात एक बोलवा होती. संप मोडून चोरून कामावर जाणाऱ्यांना मिलवाले पाळी सुटल्यावर ॲम्ब्युलन्समध्ये भरतात आणि सायरन लावून आपल्या नाकासमोरून बाहेर काढतात, अशी. खरी होती का? कुठं झालंही असेल. मी कधी पाहिलं नाही. पण चहाच्या टपरीवर मीसुद्धा पाहिल्यासारखं सांगायचो.

एका दुपारी, पाळी सुटायच्या सुमाराला, मी करी रोडच्या पुलाकडे वळलो आणि मागून सायरन आला. आरशात पाहिलं — आमच्याच मिलची ॲम्ब्युलन्स. पूल अरुंद, समोरून ट्रकांची रांग. मी डावीकडे अंग चोरलं तरच तिला वाट मिळणार. कठड्याला टेकून आमच्या खात्यातले तिघे उभे होते. त्यांनी मला ओळखलं. एकानं टाळी वाजवली आणि म्हणाला, "सोडू नको रे तिला."

नाही सोडली. गाडी आमच्या बाजूच्या मधोमध घेतली आणि पहिल्या गिअरवर आणली. माणूस पायी चालतो, तेवढीच. मागे सायरन कोकलतोय, पुढं रस्ता मोकळा, आणि मी आपला रमतगमत चाललोय. मजा येत होती मला — हो, मजाच. कित्येक महिन्यांत कुणाच्या उपयोगी पडलो नव्हतो, आज तिघंजण माझ्याकडे कौतुकानं बघत होते.

इथवर मी फसलो असं म्हणता येईल. पण गोष्ट इथं थांबत नाही ना.

पुलाच्या मध्यावर मी पुन्हा आरशात पाहिलं. मागचा ड्रायव्हर हॉर्न मारत नव्हता. शिव्या देत नव्हता. त्यानं स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलले आणि जोडले. मला. लपवून माणसं नेणारा असे हात जोडतो का? मला कळलं. संशय आला असं नाही — कळलंच. आत कुणीतरी खरोखर अडचणीत आहे. डाव्या हाताला कठड्याजवळ जागाही होती, एवढं चाक फिरवलं असतं की झालं असतं. पण ते तिघे अजून बघत होते. आता बाजू दिली तर म्हणतील, हा फाटला, हा फुटला. मी चाक फिरवलं नाही. आरशात तो लाल दिवा उन्हात फिका फिका फिरत होता आणि मी त्याच्याकडे नुसता बघत राहिलो, सिनेमातलं काहीतरी बघावं तसा. पूल संपेपर्यंत. मग पुढं रस्ता रुंद झाला आणि ती बाजूनं निघून गेली.

संध्याकाळी चाळीत आलो तर दत्तारामच्या दारात बायका उभ्या.

तो काही दिवस चोरून कामावर जात होता. पोराच्या दुखण्यापायी, असं मागून कळलं. माणसं कमी, म्हणून साच्यावरच्या माणसाला कार्डिंगच्या, म्हणजे कापूस पिंजायच्या, मशीनवर उभं केलेलं. उजवा हात आत गेला. कोपराच्या खाली काही ठेवता आलं नाही. त्याची बायको, सुमनवहिनी, मला म्हणाली, "भावोजी, डॉक्टर म्हणतात थोडं आधी आणायला हवं होतं." मी म्हटलं, वहिनी, डॉक्टर सगळ्यांनाच असं सांगतात. हे माझ्या तोंडून इतकं पटकन आलं की मलाच भीती वाटली.

चाळीत काहीजण म्हणाले, फितुराला बरी अद्दल घडली. पुलावरचे तिघे पुन्हा माझ्याशी त्या विषयावर बोलले नाहीत. एक गावाला गेला, दोघे वारले. म्हणजे इथं हे माहीत असलेला आता मी एकटाच.

मिल आमच्यासाठी पुन्हा उघडली नाही. माझी टॅक्सीच कायमची झाली, दत्ताला शिवडीच्या एका गोदामावर पहारेकऱ्याची नोकरी मिळाली. मी त्याला जमेल तेव्हा सोडायचो, पैसे घ्यायचो नाही. तो चारचौघांत माझं नाव घ्यायचा — भाऊ असावा तर असा. भजनाला यायचा, कोपऱ्यात बसायचा. डावा हात मांडीवर ठेका धरायचा आणि समेवर येताना उजवा खांदा किंचित हलायचा. तो खांदा दिसू नये म्हणून मी डोळे मिटून गायला लागलो. लोकांना वाटलं, बुवा देवात रमलाय.

त्या दिवसाबद्दल तो एकदाच बोलला. शिवडीला चाललो होतो, तो पुढच्या सीटवर, ऊन तसंच.

"आत पडल्या पडल्या काचेतून वरचं दिसत होतं," तो म्हणाला. "चिमणीचं टोक, मग आभाळ, मग एक पतंग. सगळं इतकं हळू सरकत होतं, की मला वाटलं, मी मेलो. जित्या माणसाला कोण एवढ्या हळू नेईल? मग पुढं ड्रायव्हर रडायला लागला, तेव्हा समजलं, अजून आहे मी."

मी गिअर बदलला.

"कोण टॅक्सीवाला पुढं होता म्हणे. वाटच देईना. बहिरा असेल रे बिचारा. नाहीतर आपल्यातलं माणूस असं करेल?"

"असेल," मी म्हटलं.

त्यानंतर किती वर्षं आम्ही त्याच सीटवर शेजारी बसलो. दत्ता गेल्या वर्षी गेला. तोवर त्याच्या लेखी तो टॅक्सीवाला बहिराच होता.

मी बहिरा नव्हतो. सायरन मला पुलावर चढायच्या आधीपासून ऐकू येत होता.