एका सुळक्याचे दोन

शिवऱ्याच्या औषध कारखान्यातल्या प्रयोगशाळेत काका आणि मी शेजारी बसतो. ते विंझर गावचे, सुट्टीला अजून भातखाचरात पाणी वळवतात. यंत्र सुरू करताना त्यातल्या केसाएवढ्या काचनळीला हळूच म्हणतात, "चला बाई, दमानं."

त्या दिवशी पेप्टाइडच्या, म्हणजे प्रथिनासारख्या औषधाच्या, इंजेक्शनची तपासणी होती. आलेखावर एकच सुळका उठला, म्हणजे औषध शुद्ध. साहेब दारात उभे होते. "काका, करा सही. टेम्पो थांबलाय."

"थांबू द्या की! नळीतलं पानी लई जोरात धावतंय, सायेब. लोंढ्यात दोन जिन्नस संगट आलं, तर वळकायचं कसं?"

काकांनी नळीत जास्त आम्लाचं द्रावण भरलं. आतला प्रवाह मंदावला. सुळक्याची नेहमीची वेळ टळली तरी रेघ सपाटच. साहेब हसले. मग रेघ उठली, खाली आली आणि पुन्हा उठली! दोन सुळके! औषधाच्या आडून भलतंच काही रुग्णाच्या अंगात जाणार होतं!

मी आनंदानं टेबलावर हात आपटला. 'गुणवत्ता हाच धर्म' ही पाटी रोज वाचतो. तो पाळताना माणसाला मी प्रथमच पाहिलं.

काकांनी पेनला टोपण लावलं. "टेम्पो रिकामा धाडा," म्हणाले आणि नळी धुवायला घेतली.